गाणाऱ्याची गोष्ट, घरच्यांच्या तोंडून

१ जानेवारी १९५३. हॅन्क विल्यम्स ओहायोतल्या कार्यक्रमाला निघाला होता आणि वाटेतच, गाडीच्या मागच्या सीटवर गेला. वय २९. कंट्री संगीतात त्याच्याएवढं मोठं नाव तेव्हा नव्हतं, त्यामुळे हॉलिवूड त्याच्याकडे वळणार हे उघडच होतं. १९६४ साली ‘युअर चीटिंग हार्ट’ आला. पडद्यावर जॉर्ज हॅमिल्टन आणि गळा हॅन्कच्या मुलाचा, जेमतेम पंधरा वर्षांच्या हॅन्क ज्युनियरचा. पोराने बापाचा आवाज इतका हुबेहूब काढला की चर्चा तेवढ्याचीच झाली.

त्या गडबडीत एक बाई गायब झाली. चित्रपटाची सल्लागार होती ऑड्री, हॅन्कची पहिली बायको. त्यांचा घटस्फोट १९५२ मध्ये झाला होता. त्याच ऑक्टोबरात हॅन्कने बिली जीनशी लग्न केलं आणि न्यू ऑर्लिन्सच्या सभागृहात तिकिटं लावून हजारोंसमोर ते साजरंही केलं. एवढं गाजलेलं लग्न, पण चित्रपटात त्याचा पत्ताच नाही! बिली जीनने पुढे चित्रपट कंपनीला कोर्टात खेचलं.

तेव्हापासून गायकांवरच्या चरित्रपटांबद्दल वाद घातला जातो तो आवाजाचा: नट स्वतः गायला की ओठ हलवले? मला विचाराल तर श्रेयनामावलीत आधी सल्लागार आणि निर्माते कोण ते पाहावं. घरातलं कोण तिथे बसलंय, यावर निम्मी गोष्ट ठरते.

१९८० च्या ‘कोल मायनर्स डॉटर’मध्ये खुद्द नायिकाच बसली होती. केंटकीच्या खाणवस्तीतली लोरेटा लिन. आधी त्या नावाचं गाणं, मग १९७६ साली आत्मचरित्र आणि नंतर चित्रपट. फोटो पाहून तिने सिसी स्पेसेकला निवडलं, आणि सिसीने होकार देण्याआधीच टीव्हीवर जाहीरही करून टाकलं. सिसी मग लोरेटाबरोबर दौऱ्यांवर फिरली, तिचं बोलणं-गाणं उचललं आणि सगळी गाणी स्वतः गायली. ऑस्कर तिला मिळालं ते योग्यच. पण मला त्या चित्रपटातला नवरा जास्त आठवतो. टॉमी ली जोन्सचा डूलिटल दारू पितो, बाहेरख्याली आहे, हात उगारतो. तोच बायकोला गिटार आणून देतो, आणि तिची पहिली तबकडी घेऊन दोघं गाडीतून एकेक रेडिओ स्टेशन पालथं घालतात. असा माणूस बाहेरच्या लेखकाला एक तर राक्षस वाटला असता, नाही तर भाबडा. संसार केलेल्या बाईलाच तो असा सांगता येतो.

अर्थात स्वतःची गोष्ट सांगणाराही आकडे आपल्या सोयीने लावतो. चित्रपटातली लोरेटा लग्नात तेरा वर्षांची आहे. २०१२ मध्ये तिच्या जन्माची नोंद बाहेर आली: जन्म १९३२ चा, म्हणजे लग्नात ती पंधरा वर्षांची होती. दंतकथेला तेरा वर्षं शोभत होती, एवढंच.

१९८५ च्या ‘स्वीट ड्रीम्स’मध्ये जेसिका लँगने गायिका पॅट्सी क्लाइनच्या मूळ ध्वनिमुद्रणांवर ओठ हलवले. तिकडच्या काही समीक्षकांना ते खटकलं. आपल्याला खटकायचं कारण नाही. ‘बालगंधर्व’मध्ये सुबोध भावे दिसतो आणि आनंद भाटे ऐकू येतात, त्यात कुणी फसवणूक मानली नाही.

२००५ च्या ‘वॉक द लाइन’पर्यंत नटांनी स्वतः गाणं हा जवळजवळ नियम झाला होता. वाकीन फीनिक्स आणि रीझ विदरस्पून अनेक महिने तालीम करून गायले, विदरस्पूनला ऑस्करही मिळालं. कार्यकारी निर्मात्यांत होता जॉन कार्टर कॅश, म्हणजे चित्रपटाचा नायक, गायक जॉनी कॅश, आणि त्याची दुसरी बायको जून यांचा मुलगा. साहजिकच चित्रपट जूनचा झाला. जॉनीची पहिली बायको, चार मुलींची आई व्हिव्हियन, ही नवऱ्याच्या गाण्यात सतत मोडता घालणारी किरकिरी बाई म्हणून उरली. ती बाजू मांडणार कोण? चित्रपट लागण्याच्या काही महिने आधीच ती वारली होती. तिचं पुस्तक आलं २००७ मध्ये. त्याच वर्षी ‘वॉक हार्ड’ या विडंबनपटाने या सगळ्या साच्याची, ‘वॉक द लाइन’मधल्या बालपणी मेलेल्या भावासकट, यथेच्छ टिंगल केली.

टिंगलीने साचा मोडला नाही. २०१५ च्या ‘आय सॉ द लाइट’मध्ये टॉम हिडलस्टन हॅन्क म्हणून मनापासून गातो, पण ती गाणी सुचली कुठून, हे चित्रपट विचारतच नाही. ईथन हॉकचा ‘ब्लेझ’ (२०१८) मात्र वेगळा. फारसं कुणाला ठाऊक नसलेल्या ब्लेझ फोलीची ही गोष्ट त्याची एके काळची सहचरी सिबिल रोझन हिच्या आठवणींवर बेतलेली, आणि पटकथेतही तिचा हात. ब्लेझ झालेला बेन डिकी मुळात गायक, त्यामुळे आवाजाचा वाद उद्भवलाच नाही.

व्हिव्हियनची पाळी आली २०२० मध्ये, ‘माय डार्लिंग व्हिव्हियन’ या माहितीपटात. तिथे तिच्या चारही मुली बोलतात. १९६५ साली एल पासोत नशेच्या गोळ्यांपायी जॉनीला अटक झाली, त्यानंतर वर्तमानपत्रात व्हिव्हियनचा फोटो छापून आला आणि वर्णद्वेष्ट्यांनी ती काळी असल्याची आवई उठवली. धमक्या येऊ लागल्या, कार्यक्रमांवर बहिष्काराची भाषा सुरू झाली. ‘वॉक द लाइन’मध्ये ती अटक आहे, हा फोटो नाही.