विश्लेषण : भारतीय नौदलाचे मूळ कुठले, कंपनीचे की आंग्रेंचे?

मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ ही विनाशिका ३५ सोमाली चाच्यांना घेऊन मुंबईत आली आणि त्यांना पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर ‘रुएन’ या अपहृत मालवाहू जहाजावर नौदलाने कारवाई केली होती. त्यात १७ कर्मचारी सुखरूप सुटले. चाच्यांना इथे आणता आले ते २०२२ च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्यामुळे. त्याआधी चाचेगिरीसाठी स्वतंत्र कायदाच नव्हता.

सुरुवात कधी झाली?

नौदलाच्या अधिकृत इतिहासात पहिले वर्ष येते ते १६१२. सुरतजवळ पोर्तुगीज आणि चाच्यांपासून व्यापारी जहाजे राखण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने ताफा आणला. त्याचेच पुढे ‘बॉम्बे मरीन’ झाले, १९३४ मध्ये ‘रॉयल इंडियन नेव्ही’ आणि १९५० मध्ये ‘भारतीय नौदल’.

मग मराठा आरमाराचे काय?

इथेच खरी अडचण आहे. शिवाजी महाराजांनी सतराव्या शतकात आरमार उभारले, कान्होजी आंग्रेंनी ते दरारा बसेल असे वाढवले. कंपनीच्या दप्तरात मात्र आंग्रे ‘चाचे’ ठरले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेतला तो बॉम्बे मरीनच्या कमोडोर जेम्सने, आणि त्याला साथ होती पेशव्यांची! म्हणजे आजचे नौदल ज्या ताफ्याला पूर्वज मानते, तोच आंग्रेंचा शत्रू होता. तरीही मुंबईतल्या नौदल तळाचे नाव ‘आयएनएस आंग्रे’ आहे.

ध्वजावरही हीच ओढाताण दिसते. सेंट जॉर्जचा लाल क्रॉस २००१ मध्ये काढला गेला, पण नवे निळे चिन्ह आकाश-समुद्राच्या रंगात उठून दिसेना, म्हणून २००४ मध्ये तो परत आला. अखेर २ सप्टेंबर २०२२ रोजी, कोचीत ‘विक्रांत’ ताफ्यात दाखल होताना, क्रॉस गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून प्रेरित अष्टकोन आला.

आज वावर कुठवर?

एडनच्या आखातात नौदलाची गस्त २००८ पासून आहे. २०१७ पासून होर्मुझ ते मलाक्का अशा मोक्याच्या जलमार्गांवर युद्धनौका आलटून-पालटून तैनात असतात. अमेरिकेसारखे परदेशी तळांचे जाळे भारताकडे नाही. त्यामुळे इंधन, रसद आणि दुरुस्तीसाठी मित्रदेशांची बंदरे लागतात. ओमानमधील दुक्म बंदराच्या वापराबाबत २०१८ मध्ये झालेला करार त्यासाठीच होता.