घणाचे घाव आणि समन्वय

आमच्या पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी हजारो माणसे ऊसतोडीला जातात. त्यांचे कोयते घडविणारा लोहार मी लहानपणापासून पाहत आलो. त्याचा हात यंत्राप्रमाणे एकाच रेषेत फिरतो, असे मला वाटे. एकदा हौसेने मी घण उचलला. पहिले दोन्ही घाव नुसत्या ऐरणीवर पडले.

असे का व्हावे? १९२० नंतरच्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइन या शास्त्रज्ञाने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. खांदा, कोपर व मनगट यांचे मार्ग दर घावाला बरेच बदलत. हातोड्याच्या टोकाचा मार्ग त्या मानाने फारच थोडा बदले. खांदा किंचित चुकला, तर कोपर आणि मनगट ती चूक सावरून घेत. अनेक सांध्यांनी एका हेतूसाठी असे एकमेकांना सांभाळून घेणे, यालाच समन्वय म्हणतात.

नवशिका मात्र सांधे आखडून धरतो, म्हणजे सांभाळायचे ओझे कमी होते. माझेही तेच झाले होते. सरावाने सांधे हळूहळू मोकळे होतात.

अशा कामाला ‘नुसती अंगमेहनत’ म्हणून आपण सुशिक्षित मोकळे होतो. तिच्यात केवढी बुद्धी असते, हे मला त्या दोन चुकलेल्या घावांनी शिकविले.