शाळा सुटल्यावर विज्ञान (लेखांक ५) : अर्धीच खरवडलेली तार

मागच्या लेखांकात शाळेनंतरच्या विज्ञान मंडळाची जागा आणि वार ठरवला. एसटीची शेवटची फेरी गाठायची असलेली मुले घड्याळाकडे बघतच बसतात, त्यामुळे हातात जेमतेम तासभर. त्या तासात करायचे काय?

बहुतेक शाळांत आधी सामानाची चर्चा होते. २०१६ साली नीती आयोगाने अटल टिंकरिंग लॅबची योजना आणली. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान. थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनो, सेन्सर दारात. सामान चांगलेच असते. पण वस्तू एकदा डेड स्टॉक रजिस्टरला चढली की हरवल्याचा जाब सरांना किंवा बाईंना द्यावा लागतो, आणि मग कपाटाची किल्ली खिशातून सहसा निघत नाही. म्हणून सुरुवातीचे काही महिने मोडले, हरवले तरी कुणी विचारणार नाही अशाच सामानावर मंडळ चालवावे, असे माझे मत आहे. मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ या काळात चाललेल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने खेड्यातल्या शाळांत हेच केले. अरविंद गुप्तांची काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी तिथेच जन्मली.

त्याच पठडीतली मोटार घ्या. दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, त्या सेलला आवळून धरायला सायकलच्या ट्यूबची चकती, भंगारातल्या स्पीकरचे चुंबक आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून मागून आणलेली इनॅमलची तार. तारेचे आठ-दहा वेढ्यांचे वेटोळे करायचे, दोन्ही टोके सरळ बाहेर काढून पिनांच्या भोकांत टेकवायची. तिघांचा एक गट पुरे. चौथा नुसता बघत राहतो.

पहिल्यांदा कुणाचीच मोटार फिरत नाही. इनॅमल खरवडायला हवे, हे थोड्या वेळाने कुणाला तरी सुचते. मग दोन्ही टोके लख्ख खरवडली जातात. वेटोळे थरथरते, इकडून तिकडे झुलते आणि थांबते. शिक्षकाची खरी परीक्षा इथे. उत्तर जिभेवर असते, ते गिळायचे. त्याऐवजी एवढेच विचारावे : अर्धा फेरा झाल्यावर वेटोळ्याची कुठली बाजू कुठे गेली, आणि आता चुंबक त्याला कुठे ढकलेल?

अर्ध्या फेऱ्यानंतर ढकलण्याची दिशा उलटते, हे एखाद्या गटाला उमगले की पुढचे आपोआप येते. उलट ढकलणे नको असेल तर त्या अर्ध्या फेऱ्यात वीजच तोडायची. वेग वेटोळ्याला पार नेतो. म्हणून एक टोक सगळीकडून खरवडायचे, दुसरे फक्त अर्ध्या बाजूने. त्यातही मेख आहे. वेटोळे उभे धरून तारेची वरची बाजू खरवडली तर मोटार भिरभिरते. आडवे धरून खरवडली तर पुन्हा झुलणेच. हा फरक एका गटाला सापडला की बाकीचे आपापली तार त्यांच्याकडे घेऊन जातात, आणि सरांना विचारायला कुणी येत नाही.

एक सावधगिरी : थांबलेल्या वेटोळ्यातून वीज वाहत राहते, सेल आणि पिना चटका बसण्याइतक्या तापतात. फिरत नसेल तर लगेच वेटोळे उचलून घ्यायची सवय पहिल्याच दिवशी लावावी.

वहीत दोनच गोष्टी लिहून घ्याव्यात : आज काय बदलले, त्याने काय झाले. ‘साहित्य, कृती, निष्कर्ष’ हा साचा तासाला वापरतातच, इथे तो आणला की मुले निष्कर्ष आधी लिहून मोकळी होतात. विज्ञान प्रदर्शनासाठी रंगवलेल्या थर्माकोलवर ही मोटार चिकटवायचा मोहही आवरावा. चिकटवली की तिच्यातली तार कुणी बदलून बघत नाही.

अर्धवट राहिलेल्या मोटारी गटाचे नाव लिहून खोक्यात ठेवाव्यात. जाता जाता पुढच्या वेळचा प्रश्न फळ्यावर लिहावा : वेढे दुप्पट केले तर? चुंबक उलटे ठेवले तर?

(पुढील लेखांकात : आठवीच्या मुलांनी सहावीच्या मुलांना शिकवावे का?)