कुंचल्याने केलेले संशोधन : फ्रान्झ बाउअर

वनस्पतींची चित्रे काढणारा म्हणजे शास्त्रज्ञाचा मदतनीस, असे आपण सहसा धरून चालतो. शोध शास्त्रज्ञाने लावायचा आणि चित्रकाराने पुस्तक सजवायचे, अशी ही वाटणी. फ्रान्झ बाउअर (१७५८–१८४०) यांनी ती पन्नास वर्षांच्या कामाने खोडून काढली. त्यांचे चित्र हेच त्यांचे संशोधन होते, आणि विज्ञानाच्या इतिहासात त्यांची जागा तळटिपेत नव्हे, मुख्य मजकुरात आहे.

मठ ते व्हिएन्ना

बाउअर यांचा जन्म फेल्ड्सबर्गचा. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात असून त्याला वाल्टित्से म्हणतात. वडील लुकास हे लिश्टेनश्टाइन घराण्याचे दरबारी चित्रकार. फ्रान्झ लहान असतानाच ते वारले. गावातल्या मठाचे प्रमुख नॉर्बर्ट बोसियस हे वैद्य होते आणि वनस्पतींचे जाणकारही. योझेफ, फ्रान्झ आणि फर्डिनांड या तीन भावांना त्यांनी हाताशी धरले आणि झाडाझुडपांची अडीच हजारांहून अधिक चित्रे करून घेतली. हात बसला तो इथे.

डोळा तयार झाला व्हिएन्नात. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक निकोलाउस जॅकिन यांच्याकडे फ्रान्झ आणि फर्डिनांड काम करू लागले. फूल दिसते कसे, यापेक्षा ते घडले आहे कसे, हे पाहण्याची शिस्त त्यांना तिथे लागली. पुंकेसर किती, ते कुठून निघतात, अंडाशयात कप्पे किती, बीज कुठे चिकटलेले, या प्रश्नांवर वनस्पतीचे वर्गीकरण ठरत होते. चित्रात त्यांची उत्तरे नसतील तर ते कितीही देखणे असले तरी शास्त्राच्या उपयोगाचे नव्हते.

क्यूमधली पन्नास वर्षे

१७८८ मध्ये जॅकिन यांच्या मुलाबरोबर फ्रान्झ लंडनला आले. पुढे पॅरिसला जायचा बेत होता. पण रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांनी त्यांना थांबवून घेतले. वर्षाला ३०० पौंड मानधन आणि लंडनजवळच्या क्यूच्या राजउद्यानात राहून तिथली झाडे रंगवायची, एवढेच काम. १७९० पासून मृत्यूपर्यंत बाउअर क्यूमध्येच राहिले. १८२० मध्ये बँक्स गेले, तरी मानधन चालू राहील अशी तजवीज ते मृत्युपत्रात करून गेले होते. धाकटे भाऊ फर्डिनांड ग्रीसला गेले, दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स यांच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाला गेले. फ्रान्झ यांच्याकडे मात्र जगभरची झाडेच क्यूला चालत आली.

१७९६ पासून त्यांनी रंगवलेल्या, दक्षिण आफ्रिकेतल्या एरिका वनस्पतींच्या चित्रांचा संग्रह निघू लागला. त्यात झाडांची वर्णने दिलेलीच नाहीत. रचनेविषयी वनस्पतिशास्त्रज्ञ जे विचारील त्याचे उत्तर चित्रातच आहे, अशी भूमिका बँक्स यांनी प्रस्तावनेत घेतली. चित्रकारावर शास्त्रज्ञाने टाकलेला याहून मोठा विश्वास क्वचितच सापडेल.

सूक्ष्मदर्शकाखाली

बाउअर यांचे सर्वांत मोलाचे काम सूक्ष्मदर्शकाखाली झाले. फुलाचे छेद घेऊन ते परागकण, कुक्षी, बीजांडे यांची कित्येक पटींनी मोठी चित्रे काढत. १८०२ मध्ये एका ऑर्किडच्या कुक्षीतील पेशी रंगवताना प्रत्येक पेशीत एक गोलसर ठिपका त्यांना दिसला आणि त्यांनी तो जसाच्या तसा काढला. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी त्याला ‘न्यूक्लियस’ हे नाव दिले ते १८३१ मध्ये. शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला केंद्रक म्हणून शिकतो, ते बाउअर यांच्या कागदावर जवळजवळ तीस वर्षे आधीच उमटले होते. ऑर्किडवरची त्यांची चित्रे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांच्यासोबत १८३० ते १८३८ या काळात ग्रंथरूपाने आली.

शेतकऱ्याच्या प्रश्नालाही त्यांचा कुंचला लागला. गव्हावरच्या तांबेऱ्याविषयी बँक्स यांनी १८०५ मध्ये पुस्तिका काढली, तिच्यातली बुरशीची चित्रे बाउअर यांची. रॉस यांच्या आर्क्टिक मोहिमेने बॅफिनच्या उपसागरातून आणलेला लाल बर्फही त्यांनी तपासला. त्यातले सूक्ष्म जीव त्यांना बुरशी वाटले. पुढे ते शैवाल ठरले. पण हा रंग सजीवांमुळे आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. १८२१ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो करून घेतले.

छायाचित्राचा पहिला साक्षीदार

१८२७ मध्ये निसेफोर न्येप्स हे फ्रेंच संशोधक आजारी भावाला भेटायला क्यूला आले. उन्हाच्या साहाय्याने चित्र टिपण्याची त्यांची कृती ऐकून घेऊन बाउअर यांनी त्यांना रॉयल सोसायटीचा मार्ग दाखवला. कृतीतले गुपित उघड न केल्याने सोसायटीने दखल घेतली नाही. परतताना न्येप्स यांनी आपले नमुने बाउअर यांच्याकडे ठेवले. कॅमेऱ्याने टिपलेले, आज टिकून असलेले जगातले सर्वांत जुने छायाचित्र त्यांत होते.

छायाचित्र आले म्हणून वनस्पतिचित्र संपले नाही. छायाचित्रात एक झाड येते, एका क्षणाचे. चित्रकार मात्र कळी, फूल, फळ आणि बी एकाच कागदावर आणतो, किडीने खाल्लेले पान वगळतो, झाकलेला भाग छेद घेऊन दाखवतो. म्हणजे तो एका झाडाची नव्हे, अख्ख्या जातीची ओळख करून देतो. हे निवडायला शास्त्र कळावे लागते. म्हणूनच नवी जात जाहीर करताना शोधनिबंधात आजही रेखाचित्र दिले जाते.

आपल्याकडे

पुण्याजवळच्या दापोडीतील सरकारी उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून तिथल्या झाडांची चित्रे काढून घेतली. ‘दापुरी चित्रे’ या नावाने ती एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत; चित्रकाराचे नाव मात्र नोंदलेले नाही. बाउअर यांना बँक्स भेटले, म्हणून त्यांचे नाव उरले.

सह्याद्रीच्या पठारांवर अजूनही नव्या वनस्पती सापडत आहेत. त्या रंगवणारे हात आपल्या महाविद्यालयांतून घडायला हवेत. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासात चित्रकलेला मानाचे स्थान द्या, आणि प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्याचे नाव ठळक छापा.