निर्णय का चुकतात? ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथाचे मार्गदर्शन

छावणीजवळचे नागसेनवन आणि तेथील मिलिंद महाविद्यालय ही नावे आपण नित्य उच्चारतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने तत्कालीन औरंगाबादेत हे महाविद्यालय सुरू केले. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद ज्यात ग्रथित आहे, तो ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ या नावांच्या मुळाशी आहे. या ग्रंथात तत्त्वचर्चेसोबत एक अत्यंत व्यावहारिक शिकवणही आहे. विचारविनिमय कसा करावा आणि तो कशाने बिघडतो, हे तेथे स्पष्ट सांगितले आहे. तिचाच परामर्श आम्ही येथे घेत आहोत.

निर्णय चुकला की माहिती अपुरी होती, असे आपण म्हणतो. ते काही वेळा खरेही असते. परंतु पुष्कळदा माहिती समोर असते. ती पाहणारे चित्तच स्थिर नसते. घरासाठी भूखंड पाहणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घ्या. आज इसार दिला नाही तर उद्या भूखंड हातचा जाईल, असे दलाल सांगतो. कागदपत्रे तपासावीत हे कुटुंबाला ठाऊक असते. तरीही आयुष्यभराची पुंजी घाईने दिली जाते. येथे उणीव ज्ञानाची नसते; भय आणि लोभ यांनी ज्ञानाला बाजूस सारलेले असते.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मनुष्याला वाममार्गाला नेणाऱ्या चार अगती सांगितल्या आहेत: छंद म्हणजे आवडीतून होणारा पक्षपात, दोस म्हणजे द्वेष, भय आणि मोह. आधुनिक मानसशास्त्रही या विषयाकडे वळले आहे. डॅनियल काहनेमन आणि अमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीची धास्ती मनुष्याला अधिक ग्रासते. दलालाला हे शास्त्र ठाऊक नसले तरी त्याचा उपयोग तो नेमका करतो.

आता ‘मिलिंदपञ्ह’ काय सांगतो ते पाहू. अवघड प्रश्न विचारण्यापूर्वी मिलिंद राजा सात दिवसांचे व्रत घेतो. या काळात तो राज्यकारभाराचा निवाडा करीत नाही, राजवस्त्रे उतरवून ठेवतो आणि आसक्ती, द्वेष व मोह यांपासून चित्ताला जपतो. मग मंत्रणेसाठी टाळावयाची आठ स्थाने तो सांगतो. त्यांत भयाची जागा आहे, वाऱ्याची जागा आहे, आडून कोणी ऐकेल अशी जागा आहे आणि वाहता रस्ताही आहे. रस्त्यावर केलेली मंत्रणा पोकळ ठरते, असे त्याचे म्हणणे आहे. लग्नाच्या मांडवात किंवा चहाच्या टपरीवर चार लोकांच्या आग्रहाने मुलाची शाखा ठरविणाऱ्या पालकांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

सल्ला कोणाचा घेऊ नये, हेही राजा सांगतो. आसक्त, द्वेषी, मोहग्रस्त, अहंकारी, लोभी, आळशी, एककल्ली आणि मूढ असे आठ प्रकारचे लोक मंत्रणा बिघडवितात. तत्पूर्वीच नागसेनांनी राजाला एक अट घातलेली असते. संवाद पंडितांच्या रीतीने व्हावा, राजांच्या रीतीने नव्हे. कारण पंडित चूक दाखविली तरी संतापत नाहीत, राजे मात्र विरोध करणाऱ्याला दंड देतात. ज्या घरात कर्त्या पुरुषापुढे पत्नीला आणि मुलीला ‘हे बरोबर नाही’ असे म्हणता येत नाही, त्या घरातील निर्णय राजाच्या रीतीने होतात. त्यांतील दोष वेळीच कोणी दाखवीत नाही आणि त्याची किंमत सर्वांनाच मोजावी लागते.

बाबासाहेबांचे धर्मांतर हा विवेकपूर्ण निर्णयाचा आपल्यासमोरील थोर आदर्श होय. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, हा निश्चय जाहीर केला. त्या बाबतीत ते डळमळले नाहीत. परंतु कोणता धर्म स्वीकारावा, हा प्रश्न त्यांनी घाईने मिटविला नाही. मे 1936 मध्ये मुंबईच्या परिषदेत त्यांनी समाजापुढे कारणे मांडली, विविध धर्मांचा अभ्यास केला, 1950 मध्ये श्रीलंकेला आणि 1954 मध्ये ब्रह्मदेशाला भेट देऊन बौद्ध जीवन प्रत्यक्ष पाहिले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा मधे 21 वर्षे गेली होती. अन्यायाचा त्याग करण्यात निश्चय आणि नवा मार्ग निवडण्यात धीर, असे या निर्णयाचे दुहेरी स्वरूप आहे.

आपल्या निर्णयांना एवढा अवधी क्वचितच मिळतो. एक रात्र मात्र बहुधा मिळू शकते. तथागतांनी राहुलाला आरशाचे उदाहरण देऊन सांगितले की, कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतरही तिने स्वतःचे, इतरांचे किंवा दोघांचे अहित होते काय, हे पाहावे. कृती अहितकारक दिसली तर ती मध्येच थांबवावी. भरलेले शुल्क वाया जाईल म्हणून चुकीच्या अभ्यासक्रमात आणखी वर्षे घालविणे या शिकवणीत बसत नाही.

म्हणून मोठा निर्णय घेण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. चार अगतींपैकी कोणती मला ओढीत आहे? मी कोठे आणि कोणाशी विचार करीत आहे? मला ‘नाही’ म्हणू शकेल अशा एकाचे तरी मी ऐकले आहे काय? यांची प्रामाणिक उत्तरे मिळेपर्यंत इसार खिशातच ठेवावा.