उंच उडणाऱ्या विमानाची नोंदवही आणि शेतातील अमोनिया

सन २०१७ च्या जुलै महिन्याच्या २७ तारखेपासून ऑगस्टच्या १० तारखेपर्यंत नेपाळमधील काठमांडू येथून एका विमानाने आठ उड्डाणे केली. हे विमान प्रवासी नव्हते, लढाऊही नव्हते. 'एम-५५ जिओफिजिका' या नावाच्या या रशियन विमानात एकच वैमानिक बसतो आणि तोही हवाबंद पोशाख चढवून. कारण विमान सुमारे २० किलोमीटर उंची गाठते. नेहमीची प्रवासी विमाने १० ते १२ किलोमीटर उंचीवरून जातात. तेव्हा हे विमान त्यांच्याही जवळजवळ दुप्पट उंचीवरून गेले असे म्हणावयास हरकत नाही. युरोपातील अनेक संशोधनसंस्थांनी मिळून आखलेल्या या मोहिमेचे नाव 'स्ट्रॅटोक्लिम' असे होते. नेपाळ, भारत व बांगलादेश या तीन देशांवरील आकाशात, ऐन मोसमी पावसाच्या दिवसांत, अतिउंच थरांतील हवा तपासणे हा मोहिमेचा हेतू होता.

मोसमी पावसाळ्यात उत्तर भारतावर व हिमालयाच्या पायथ्याशी प्रचंड मेघ उठतात. त्यांचे माथे १५-१६ किलोमीटरपर्यंत, कधी त्याहूनही वर पोहोचतात. अशा मेघाच्या पोटातून जमिनीलगतची हवा अल्पावधीत वर खेचली जाते. वर गेल्यावर ती तिबेट व उत्तर भारत यांवर पसरलेल्या एका विस्तीर्ण भोवऱ्यात सापडते. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा हा भोवरा संपूर्ण पावसाळाभर टिकून असतो आणि त्यात सापडलेली हवा पुष्कळ दिवस आतल्या आत फिरत राहते. त्या हवेत सूक्ष्म कणांचा एक थर असतो, असे कृत्रिम उपग्रहाच्या निरीक्षणांवरून २०११ साली प्रसिद्ध झाले होते. हे कण कशाचे आणि ते आले कोठून, या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्यक्ष तेथे जाऊन तपासल्यावाचून खात्रीने देता येत नव्हते.

विमानात निरनिराळ्या प्रकारची वीसहून अधिक उपकरणे बसविली होती. अशा मोहिमेची हकीकत छापून येते तेव्हा या उपकरणांचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच विमानात दर सेकंदाला भरत जाणारी एक साधी नोंदवही असते, तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. विमान या क्षणी कोठे आहे, किती उंचीवर आहे, कोणत्या दिशेने व किती वेगाने जात आहे, त्याचे नाक किती वर उचलले आहे, पंख कोणत्या बाजूस किती कलले आहेत, बाहेरच्या हवेचा दाब व उष्णतामान किती आहे, एवढीच काय ती या नोंदवहीतील माहिती. तिला मार्गनोंद म्हणता येईल. पाच तासांच्या एका उड्डाणात अशा अठरा हजार ओळी जमा होतात. या ओळी हाती नसतील तर बाकीच्या सर्व उपकरणांचे आकडे पाटी नसलेल्या मातीच्या नमुन्यासारखे होतात. माती उत्तम तपासली, पण ती कोणत्या गटातील हेच ठाऊक नाही, तर त्या अहवालाचा शेतकऱ्यास काय उपयोग?

मार्गनोंदीतील सर्वांत महत्त्वाचा रकाना वेळेचा. असे विमान सेकंदाला सुमारे २०० मीटर अंतर तोडते. एखाद्या उपकरणाचे घड्याळ एक मिनिट पुढे असेल, तर त्याने घेतलेला नमुना नकाशावर १२ किलोमीटर चुकीच्या जागी पडतो. मोठ्या मेघाचा माथासुद्धा पुष्कळदा याहून रुंद नसतो. म्हणजे मेघाच्या आतील हवा बाहेरची ठरावयाची आणि बाहेरची आतील. घोटाळ्याची दुसरीही एक जागा आहे. नेपाळचे घड्याळ भारताच्या घड्याळापेक्षा पाऊण नव्हे, अर्धा नव्हे, बरोबर पंधरा मिनिटे पुढे चालते. एका टिपणात नेपाळी वेळ आणि दुसऱ्यात भारतीय वेळ पडली, तर विमानाच्या जागेत १८० किलोमीटरची चूक होईल. यास्तव सर्व नोंदी एकाच जागतिक प्रमाणवेळेत केल्या जातात. त्यातही एक बारकावा असा की, जागा दाखविणारे उपग्रह स्वतःची जी वेळ पाळतात ती २०१७ साली जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे होती. हा फरक वजा करावयास विसरल्यास साडेतीन किलोमीटरची चूक सहज पदरी येते.

जागा ठरविण्याची साधने दोन. पहिले साधन विमानाच्या पोटातच असते व त्याला बाहेरच्या कोणत्याही खुणेची गरज लागत नाही. डोळे मिटून बैलगाडीत बसलेल्या माणसास गाडी केव्हा वेगाने निघाली, केव्हा थांबली, केव्हा वळली हे अंगास बसणाऱ्या हिसक्यावरून समजते. त्याच तत्त्वावर हे यंत्र प्रत्येक हिसका व प्रत्येक वळण मोजते आणि निघाल्या ठिकाणापासून आपण किती दूर व कोणत्या दिशेस आलो याची बेरीज करीत जाते. बेरीज म्हटली की बारीक चूकही साचत जाते. चांगल्या यंत्रातही तासाभरात एक-दोन किलोमीटरचे अंतर पडू शकते. दुसरे साधन उपग्रहांच्या संदेशांवरून जागा सांगते; त्यात चूक साचत नाही, परंतु विमान कलल्यास संदेश क्षणभर तुटण्याचा संभव असतो. म्हणून दोन्हींचा मेळ घालून नोंद केली जाते. पहिल्याने क्षणाक्षणाची हालचाल सांगावी आणि दुसऱ्याने त्याची चूक वेळोवेळी सुधारावी, अशी ही योजना आहे.

उंचीचा प्रकार याहून नाजूक. विमानातील नेहमीचे उंचीमापक वास्तविक उंची मोजीतच नाही. ते हवेचा दाब मोजते आणि एका ठरीव कोष्टकावरून उंची सांगते. त्या कोष्टकाप्रमाणे १०० मिलिबार दाब १६.२ किलोमीटरवर असावयास हवा. पावसाळ्यात उत्तर भारतावरील हवा वरपर्यंत उबदार असल्याने ती फुगलेली असते, आणि तेथे हाच दाब आणखी सुमारे अर्धा किलोमीटर वर सापडतो. त्यामुळे नोंदवहीत दाबावरून काढलेली उंची व उपग्रहावरून मिळालेली उंची असे दोन रकाने स्वतंत्र ठेवावे लागतात. ज्याने हे दोन रकाने एक समजून वापरले त्याचे पुढचे सर्व गणित कोसळते.

पंखांच्या कलाची नोंद कशासाठी, असे कोणासही वाटेल. विमानात 'ग्लोरिया' नावाचे एक उपकरण होते. जर्मनीतील कार्ल्सरुए व युलिश येथील संस्थांनी ते तयार केले. ते विमानाच्या बाजूस क्षितिजाकडे पाहते आणि दूरच्या हवेतून येणाऱ्या उष्णताकिरणांचे पृथक्करण करून त्या हवेत कोणते वायू व कण आहेत हे ओळखते. ते ज्या हवेकडे पाहते ती कित्येकदा २०० किलोमीटर दूर असते. इतक्या अंतरावर नजरेच्या कोनात एका अंशाचा दहावा भाग जरी चूक झाली, तरी उंचीत साडेतीनशे मीटरचा फरक पडतो. विमान तर सतत डुलत असते. म्हणून उपकरण डुलणाऱ्या विमानातही स्थिर राहील अशा चौकटीत बसवितात आणि क्षणोक्षणीचा कल मोजून चौकट तितकीच उलट फिरवितात. नोंदीवाचून हे शक्य नाही.

वाऱ्याचे मापही याच नोंदवहीतून निघते. वाहत्या नदीतून होडी पलीकडे नेताना नावाडी होडीचे तोंड एका दिशेस ठेवतो, पण होडी पोहोचते भलतीकडेच. या दोहोंतील फरक म्हणजे नदीची ओढ. त्याचप्रमाणे विमान हवेच्या मानाने कोणत्या दिशेस किती वेगाने चालले आहे आणि जमिनीच्या मानाने प्रत्यक्षात कोठे सरकत आहे, यांतील फरक म्हणजे वारा. पण हा फरक दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून येतो. नाकाची दिशा एक अंशाने चुकली तर वाऱ्याचा वेग सेकंदाला साडेतीन मीटर चुकतो. मंद वाऱ्याच्या जागी ही चूक वाऱ्याएवढीच होऊन बसते.

अशी निर्दोष नोंद हाती आली म्हणजे मग उलट प्रवास सुरू करता येतो. अमुक दिवशी, अमुक क्षणी, अमुक अक्षांश-रेखांशावर, इतक्या उंचीवर तपासलेली हवा एक तासापूर्वी कोठे होती? त्यापूर्वी कोठे? वेधशाळांनी जमविलेल्या वाऱ्यांच्या माहितीवरून हे गणित मागे मागे नेले जाते, आणि ती हवा ज्या मेघातून वर आली असेल त्या मेघाशी पोहोचते. त्या वेळी तेथे खरोखर मेघ होता की नाही, हे उपग्रहाच्या चित्रांवरून ताडून पाहता येते. या थरांत सेकंदाला २५ मीटर वेगाचा वारा असल्यास हवा दिवसाकाठी दोन हजार किलोमीटर चालून जाते. म्हणून आरंभीच्या जागेतील लहानशी चूक दोन दिवसांच्या मागोव्यात शेकडो किलोमीटरची होऊ शकते. गुराचा माग काढणाऱ्यास पहिली खूर-खूण अचूक सापडावी लागते, तसेच हे आहे.

या मोहिमेतील निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. उंचावरील त्या थरात अमोनियम नायट्रेटचे घन कण सापडले. हा पदार्थ शेतकऱ्यांस खत म्हणून ऐकून माहीत आहे. शिवाय ग्लोरियाने तेथे अमोनिया वायूही मोठ्या प्रमाणात टिपला. पाण्यात इतक्या सहज विरघळणारा हा वायू पावसाबरोबर धुऊन खाली यावयास हवा; तो १२-१५ किलोमीटरवर टिकतो कसा, हे कोडेच होते. मेघातील थेंब गोठू लागतात तेव्हा त्यांत विरघळलेला अमोनिया काही प्रमाणात पुन्हा बाहेर पडतो, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. कार्ल्सरुए येथील मोठ्या मेघकोठीत तशीच थंडी निर्माण करून या कणांचे गुणधर्मही पाहण्यात आले. १९९७ साली अंतराळातून घेतलेल्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा त्यांतही हेच कण भूमध्य समुद्राच्या पूर्व भागापासून पश्चिम प्रशांत महासागरापर्यंत पसरलेले आढळले. वीस वर्षे जुन्या नोंदीचा असा उपयोग झाला, कारण प्रत्येक आकड्यापुढे जागा, उंची व वेळ नीट लिहिलेली होती.

अमोनियाचा माग उलट काढीत गेल्यावर तो जमिनीवरच्या उगमांशी जाऊन पोहोचला. आपल्या उपखंडातील या वायूचा सर्वांत मोठा उगम म्हणजे शेती: नत्रखते आणि जनावरांचे मलमूत्र. उत्तर भारत व लगतच्या पाकिस्तानचा मैदानी मुलूख हा जगातील सर्वाधिक अमोनिया सोडणाऱ्या प्रदेशांपैकी आहे. विमानाची नोंद एखाद्या गावाकडे वा शेताकडे बोट दाखवू शकत नाही, तिचा तसा दावाही नाही. परंतु शेतातून उडालेला नत्र कोठवर जातो, याविषयी आता शंका उरलेली नाही. हे घन कण हिमकण तयार होण्यास आधार देतात, त्यामुळे उंचावरील मेघांवरही त्यांचा परिणाम होतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर हा वायू म्हणजे पैसे देऊन आणलेले खत होय. युरियात ४६ टक्के नत्र असतो. ४५ किलोच्या गोणीत तो साडेवीस किलोंहून थोडा अधिक भरतो. युरिया ओलसर जमिनीच्या पृष्ठभागावर नुसता फेकून दिला, वर ऊन पडले आणि जमीन विम्लधर्मी असली, म्हणजे त्याचे अमोनियात रूपांतर होऊन तो हवेत निघून जातो. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनी या बाबतीत विशेष उधळ्या आहेत. परिस्थिती प्रतिकूल असल्यास नत्राचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, असा उडून जातो. म्हणजे गोणीमागे चार किलो. युरियावरील कडुलिंबाच्या तेलाचा लेप या कामी फारसा उपयोगी नाही. नत्र जमिनीतून खाली झिरपून जाऊ नये यासाठी तो आहे, वर उडणाऱ्या वायूस तो अडवीत नाही.

उपाय साधे आहेत आणि पुष्कळांस ठाऊकही आहेत. जिरायत पिकास वरखत द्यावयाचे ते वापसा असताना ओळीलगत द्यावे आणि त्याच दिवशी कोळपणी करून मातीआड करावे. बागायतीत खत दिल्यावर लगेच हलके पाणी द्यावे, म्हणजे युरिया विरघळून मुळांच्या थरात उतरतो. पाणी अथवा कोळपे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळणार असेल तर खतही तोवर थांबवावे. एकाच वेळी सर्व मात्रा न देता ती दोन-तीन हप्त्यांत विभागावी. कोकणात भाताच्या खाचरांत युरियाच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये, चिखलात बोटभर खोल खोचण्याची रीत आहे; तिच्यामुळे अमोनिया चिखलातच अडकून राहतो. गोठ्यातील मूत्र उघड्यावर वाहू न देता भुसा अथवा पालापाचोळा अंथरून टिपून घ्यावे, आणि उकिरड्याचा खड्डा भरला की त्यावर शेणमातीचा लेप द्यावा. गोठ्यात सकाळी शिरताच नाकास झोंबणारा जो उग्र वास येतो, तो याच वायूचा.