नोकरी वाचवण्यासाठी या कारागिराने राजाला चक्क नाण्याच्या कडेवर अर्ज लिहिला!

नोकरी गेली की माणूस काय करतो? साहेबाला अर्ज लिहितो. इंग्लंडच्या थॉमस सायमनने १६६३ मध्ये तेच केलं, फक्त कागदाऐवजी चांदीच्या नाण्यावर.

सायमन नाणी आणि मोहरांचे ठसे कोरायचा. पोलादावर चित्र आणि अक्षरं उलटी कोरायची, म्हणजे नाण्यावर ती सुलटी उमटतात. एक रेघ चुकली की प्रत्येक नाण्यावर तीच चूक.

१६४९ मध्ये इंग्लंडने राजा पहिला चार्ल्स याचं मुंडकं उडवलं. आता राजाच नाही, तर राजमुद्रेवर कोण? १६५१ च्या मुद्रेवर सायमनने एका बाजूला नकाशा कोरला आणि दुसऱ्या बाजूला भरलेली संसद! पुढे नाण्यांसाठी ऑलिव्हर क्रॉमवेलचा चेहराही त्यानेच कोरला.

पण १६६० मध्ये बाजी पलटली. मारलेल्या राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर आला. क्रॉमवेलचं प्रेत उकरून फासावर लटकवण्यात आलं. सायमन मात्र वाचला, नव्या राजाचं कामही त्याला मिळालं.

मग गोष्ट बिघडली कुठे? राजाने अँटवर्पहून रोटियर्स बंधूंना बोलावलं. परागंदा असतानाच्या दिवसांपासून राजाची या घराण्याशी ओळख होती. १६६२ मध्ये नव्या नाण्यांचं मुख्य काम त्यांच्याकडे गेलं.

सायमनने मग आपलं सगळं कसब पणाला लावून पाच शिलिंगचं एक नमुना नाणं बनवलं. समोर राजाचा चेहरा आणि काही मिलीमीटर जाडीच्या कडेवर दोन ओळींत दीडशेहून जास्त अक्षरं. अर्ज साधारण असा होता: 'महाराज, माझं हे नाणं त्या डच कारागिरांच्या नाण्याशी ताडून पाहा. माझं काम सरस वाटलं तर मला या अडचणीतून सोडवा.'

त्याने कडच का निवडली? तेव्हा लोक नाण्यांच्या कडा कातरून चांदी चोरायचे. कडेवर अक्षरं असली की चोरी लगेच दिसायची. कडेवर छापणं सोपं नव्हतं, म्हणून कारागिराचा खरा कस तिथेच लागायचा.

पण नाण्यांचं काम रोटियर्स बंधूंकडेच राहिलं. दोनच वर्षांनी, १६६५ मध्ये, लंडनमध्ये प्लेगने थैमान घातलं असताना सायमन वारला.

आज हे नाणं 'पिटिशन क्राऊन', म्हणजे 'अर्जाचं नाणं', म्हणून ओळखलं जातं. त्याचे मोजकेच नमुने उरलेत आणि इंग्लंडच्या सर्वात देखण्या नाण्यांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं.